जगात कुठंबी चालतंय

"वैनी, तो नवा फोन आलाय म्हणं," संपतआण्णा म्हणाले आणि काउंटरपुढच्या स्टुलावर बसले.

दुकानात तेव्हा तीनचार गिऱ्हाइकं होती. आण्णा टेकले तशी एकेक करून सगळी पायऱ्या उतरून गेली. एक बाई तर रिचार्जचे उरलेले सुटे पैसेही न घेता गेली. बाहेर अनंतचतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी ढोल तापवणं चाललं होतं, आणि आत आमचा पंखा तेवढा कुरकुरत होता.

विट्यात संपतआण्णा कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. तुम्ही विट्याचे नसाल म्हणून सांगते. वाळूचा धंदा, दारात डंपर, मंडळाचे अध्यक्ष. बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं एकदा त्यांच्याशी वर्गणीवरून वाद घातला. पुढच्याच आठवड्यात आण्णांचा डंपर मागं येता येता त्याच्या शटरवर आदळला. चुकून आदळला, असं सगळ्या पेठेनं म्हटलं. स्टुडिओवाल्यानं सगळ्यांच्या आधी म्हटलं.

"हो आण्णा, आलाय," मी म्हणून गेले आणि लगेच जीभ चावली. कोपऱ्यात बसलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आला नाही म्हणायला हवं होतं.

फोन आले होते हे खरं, पण ते मागच्या लोखंडी कपाटात कुलपात होते. आज हे कुणाला सांगितलं तर हसतील. आता कुठलाही फोन घ्या, कुठलंही कार्ड घाला, आणि दिल्लीत मिळतो त्याच दिवशी तो विट्यात मिळतो. पंधराएक वर्षांपूर्वी तसं नव्हतं. त्या परदेशी फोनचं लग्न इथल्या एकाच टॉवरवाल्या कंपनीशी लावून दिलेलं होतं. दुसऱ्या कुणाचं कार्ड घातलं की तो तोंड फिरवायचा. ज्याला तो फोन हवा त्यानं आपलं जुनं कार्ड सोडून याच कंपनीच्या दारात यायचं, मग त्याच्या गावात या कंपनीची रेंज असो वा नसो. आणि त्या कंपनीचं अख्ख्या खानापूर तालुक्यात एकच काउंटर होतं, ते आमचं.

आमच्याकडची निम्मी पुरुषमाणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला मुलूखभर पांगलेली. माझा नवराही तिकडं दक्षिणेत सेलमला होता. दुकान मी आणि आबा चालवायचो. आबांचा आधी एसटीडी बूथ होता, तो बुडाला तेव्हा मीच धडपड करून हे काउंटर आणलं. त्याच्या जोरावर घर चाललं होतं. समोर नंदू मेटकरीचं दुकान. त्याच्याकडं गलाईची पोरं दुबईहून, कोचीहून कुठल्याही कार्डावर चालणारे खुले फोन आणून द्यायची, बिनबिलाचे. आमचं काउंटर आपल्याला मिळावं म्हणून नंदूनं कंपनीच्या मागं लकडा लावलेला होता, आणि ते तो लपवतही नव्हता.

फोन मुंबई-पुण्यात आधीच विकला जात होता. आमच्याकडं तो विकायची तारीख ठरली पुढच्या शुक्रवारची, ऐन पितृपक्षातली. मी कंपनीच्या सांगली ऑफिसातल्या नेर्लेकर साहेबांना म्हटलं होतं, "साहेब, पितृपक्षात आमच्याकडं माणूस पायात नवी चप्पल घालत नाही, फोन कोण घेणार?" ते म्हणाले, "ताई, तारीख वरून येते. वरच्यांना तुमची तिथी कळवू का?" आणि मग आवाज बदलून म्हणाले, "पण शुक्रवारच्या आधी एक खोकं फुटता कामा नये. हा फोन पहिल्यांदा सुरू व्हायला आपलंच कार्ड लागतं, आणि तो सुरू झाला की त्याच क्षणी मला इथं दिसतो." शेजारच्या तालुक्यात एकानं मेहुण्याच्या हट्टापायी आदल्या दिवशी खोकं फोडलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचा बोर्ड उतरवून नेला होता.

"बगू द्या की," आण्णा म्हणाले.

"दाखवायलाही परवानगी नाही, आण्णा. पुढच्या शुक्रवारी पहिला तुम्हालाच देते."

"पुढच्या शुक्कारी माझी तेजू इंग्लंडात असणार. सोमवारी विमान हाय." आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "उद्या-परवापासनं पितरपाट. त्यात नवी वस्तू घरात आणायची न्हाई, ही आमच्या आईची शिस्त. विमानाचा नाइलाज हाय, त्या कॉलेजवाल्यास्नी आपला पितरपाट काय म्हाईत. पर फोन आजच न्यायचा. त्यात म्हणं बोलताना समोरच्याचं तोंड दिसतंय?"

"दिसतं."

"मग झालं तर. पोरीचं तोंड बगितल्याबिगार सकाळी मला च्या जात न्हाई, वैनी."

हे ते अगदी सरळ म्हणाले, लाजले नाहीत. तेजस्विनी त्यांची एकुलती एक. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, आणि आण्णांनीच तिच्या वेण्या घालून तिला शाळेत पाठवलेलं लोकांनी पाहिलं होतं.

"आण्णा, कंपनी माझं काउंटर काढून घेईल."

"कंपनीला कोण सांगणार?" त्यांनी दुकानभर नजर फिरवली. "हितं तुम्ही, आबा आन मी. मी काय सांगत न्हाई."

सुरू केला की सांगलीला दिसतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. आण्णा बायकांशी कधी आवाज चढवून बोलत नसत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

"मग सुरू करत न्हाई. खोकं हाय तसं विमानतळावर पोरीच्या हातात देतो. तिकडं गेल्यावर उघडंल ती."

आता सांगायलाच हवं होतं. "आण्णा, तिकडं तो चालणार नाही. यात फक्त याच कंपनीचं कार्ड चालतं. तिकडचं कार्ड घातलं तर नुसता दगड. आणि आमच्या या कार्डाला परदेशात रेंज नाही."

आण्णा हसले. "नंदू म्हणाला, जगात कुठंबी चालतंय. पोरीला धाडणारा एजंट म्हणाला, झकास फोन हाय, द्या. आन ज्या दुकानात फोन हाय तीच बाई म्हणतीया, चालत न्हाई." ते आबांकडं वळले. "आबा, तुम्ही सांगा. चालतोय का न्हाई?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग रस्त्यापलीकडच्या त्या फोटो स्टुडिओच्या शटरकडं पाहिलं. पोचा अजून तसाच होता.

"चालतोय की, आण्णा," आबा म्हणाले. "हिला अजून सगळं नवीन हाय."

कपाटाची किल्ली आबांनीच काढली. आण्णांनी गणपतीच्या तसबिरीपाशी नोटा ठेवल्या, खोकं कपाळाला लावलं आणि निघून गेले.

ते गेल्यावर मी आबांवर उखडले. सासऱ्यांशी त्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. आबा चष्मा पुसत राहिले.

"पोरी, नीट विचार कर," ते म्हणाले. "तो फोन तिकडं सुरूच होणार नाही म्हणतीस न्हवं? मग सांगलीला दिसणार कसा? शुक्रवारी आपण विकला म्हणून दाखवायचा. काउंटर राहतंय, शटर राहतंय. आपण फक्त गप बसायचं."

खरंच होतं ते. गप्प बसलं की सगळं शाबूत राहत होतं.

"आणि ती पोरगी? तिकडं उतरल्यावर?"

"तिच्या बापाच्या वळखी हायत."

"इंग्लंडात?"

आबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. सेलमला नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "तू मधे पडू नको. आण्णाच्या भानगडीत कोण पडतं का?"

मग मी रस्ता ओलांडून नंदूकडं गेले. तो फोनला कव्हर चढवत होता.

"नंदूभाऊ, तुमच्याकडं दुबईचा खुला फोन आहे. पोरीला तिकडं तोच चालला असता. द्यायचा की आण्णांना."

"वैनी, हळू बोला," तो म्हणाला. "त्येला बिल न्हाई, गॅरंटी न्हाई. उद्या बिघडला तर आण्णा कुणाच्या दारात येणार? तुमचं बरं हाय, तुमच्यामागं कंपनी हाय."

"म्हणून माझा तिकडं चालतो असं खोटं सांगितलंत?"

"मी कुठं खोटं सांगितलं? त्यांनी इचारलं, 'जगात कुठंबी चालतंय न्हवं?' मी म्हणलं, चालतंय." नंदूनं कव्हर खाली ठेवलं. "आण्णांनी इचारल्यावर न्हाई कोण म्हणतंय, वैनी? तुम्ही म्हणालासा का?"

"म्हणाले."

"मग काय झालं?"

मी परत आले. दोन दिवस मी रिचार्ज मारत होते, गिऱ्हाइकांशी बोलत होते, पण दारात गाडी थांबली की बोलता बोलता मान तिकडं वळायची. आण्णा परत आले की काय, सांगलीहून कुणी आलं की काय. भीतीही एकच नव्हती. आण्णांची होती, नेर्लेकर साहेबांची होती, आणि या दोन्हींच्या खाली एक तिसरीच होती, जिचा आमच्या दुकानाशी काही संबंध नव्हता.

लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा एकटी सेलमला गेले होते. नवरा घ्यायला येणार होता. त्या गावाला एक नवं बसस्टँड आणि एक जुनं, हे मला माहीत नव्हतं. तो एका ठिकाणी, मी दुसऱ्या. हातात त्याच्या दुकानाचा नंबर होता, पण डब्याच्या फोननं नाणी गिळली आणि नंबर काही लागला नाही. आजूबाजूच्या एकाही पाटीवरचं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं. दुपारभर मी बॅगेवर बसून होते. रडलेसुद्धा नाही, कारण रडले तर लोक विचारतील काय झालं, आणि मला सांगता येणार नाही. ते सेलम होतं. एका रात्रीच्या प्रवासात माणूस घरी येऊ शकतो. ही पोरगी समुद्रापलीकडं जाणार होती, हातात एक दगड घेऊन.

रविवारी सकाळी आबांना देवळात जाते म्हणून सांगितलं. पर्समध्ये आमच्या कंपनीचं चालू असलेलं एक कार्ड टाकलं आणि स्कूटी काढली.

आण्णांचा बंगला खानापूर रस्त्याला. फाटकात दोन डंपर उभे होते, त्यांच्या सावलीत ड्रायव्हर लोक बसलेले. साखळीला बांधलेला काळा कुत्रा मला बघून उठला आणि भुंकला नाही, नुसता बघत राहिला. स्कूटी स्टँडवर लावताना मी दोनदा धडपडले. एक ड्रायव्हर म्हणाला, "वैनी, काय काम?" मी म्हटलं, "आण्णांकडं." त्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही.

आत मधल्या खोलीत आण्णा बॅगेचं वजन करत होते. तुळईला ताणकाटा टांगलेला, त्याला ती भली मोठी बॅग लोंबकळत होती आणि आण्णा काट्याकडं डोळे बारीक करून बघत होते. जमिनीवर मेतकुटाचे, चटणीचे, चिवड्याचे पुडे मांडलेले. तेजस्विनी कॉटवर बसून स्वेटरची घडी घालत होती. तीच घडी पुन्हा उलगडून ती पुन्हा घालत होती.

"या वैनी," आण्णा म्हणाले. "बगा की, काटा जास्त दाखवतोय. चटणी काढावी का लोणचं?"

"आण्णा, मी त्या फोनसाठी आलेय."

त्यांनी बॅग खाली उतरवली. "काय झालं त्याचं?"

"मी त्या दिवशी सांगितलं ते खरं आहे. तो तिकडं चालणार नाही. तिला तिथं उतरल्यावर कुणाला फोन करता येणार नाही."

"आबा तर म्हणाले, चालतोय."

"आबा तुम्हाला घाबरले."

तेजस्विनीचा हात घडीवर थांबला. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि मला वाटलं, आता संपलं. मी मनातल्या मनात आमचं शटर, काचेचं काउंटर, आबा, सगळं एकदा बघून घेतलं.

"दाखवा," आण्णा म्हणाले.

"काय?"

"चालत न्हाई म्हणताय न्हवं, दाखवा मला. तोंडानं कुणीबी सांगंल. हे खोकं, हा मी, ही पोरगी. फोडा आन दाखवा."

मला याचीच भीती होती. मला वाटलं होतं, समजावलं की पटेल. "आण्णा, फोडून सुरू केला की सांगलीला दिसेल. माझं काउंटर जाईल. आमचं घर त्याच्यावर आहे."

"मंजी दाखवता येत न्हाई," आण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती, राग नव्हता. "मला वाटलंच."

ते पुन्हा बॅगेकडं वळले. त्या क्षणी मी उठून निघून गेले असते तरी कुणी मला काही म्हटलं नसतं. मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. मी तेजस्विनीकडं पाहिलं. ती माझ्याकडं टक लावून बघत होती. ती काय मागत होती मला कळेना, पण काहीतरी मागत होती.

"सुरी द्या," मी म्हटलं.

आण्णांनी खिशातला चाकू काढून मुठीच्या बाजूनं पुढं केला. सील वाकडंतिकडं फाटलं. पहिल्यांदा मी आमच्या कंपनीचं कार्ड घातलं, कारण त्याशिवाय तो उठतच नाही, आणि नाही उठला तर खोकंच खराब आहे असं आण्णांना वाटलं असतं. पडदा उजळला. आण्णांनी आपल्या फोनवरून नंबर लावला, तसा तो नवा फोन वाजला. आण्णांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"चालतोय की, वैनी!"

"आता तुमचं कार्ड द्या."

"माझं?"

"तुमचं दुसऱ्या कंपनीचं आहे. इथलंच कार्ड या फोनला चालत नसेल तर इंग्लंडचं चालेल का?"

ते थोडं घुटमळले. त्या कार्डावरचा नंबर फोनवर दिसला की विट्यात लोक उभं राहून बोलायचे. मग त्यांनी स्वतःच्या फोनची पाठ उघडून कार्ड काढून दिलं. मी आमचं काढून ते घातलं. फोन जरा वेळ फिरत राहिला आणि मग पडद्यावर एक ओळ आली. आण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी फोन लेकीपुढं धरला.

"वाच."

तेजस्विनीनं वाचलं. "हे कार्ड या फोनमध्ये चालणार नाही."

"नीट वाच."

"तेवढंच लिहिलंय, आण्णा."

आण्णांनी बटणं दाबली. फोन हलवला. माझ्याकडून पुन्हा आमचं कार्ड घालून घेतलं, फोन सुरू झाला. पुन्हा त्यांचं घातलं, पुन्हा तीच ओळ. त्यांचं त्यांना बघू दिलं.

तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. नेर्लेकर साहेब.

"ताई, तुमच्याकडचा एक पीस आत्ता सुरू झालेला दिसतोय. चुकून झालं असेल तर तसं सांगा, मी बघतो काहीतरी."

भला माणूस होता. त्यानं मला पळवाट काढून दिली होती.

"चुकून नाही, साहेब. मीच सुरू केला."

"मग बोर्ड उतरवावा लागेल, ताई."

"माहीत आहे."

आण्णांनी हात पुढं केला. "द्या हिकडं. मी बोलतो त्याच्याशी."

"नको."

"अवो, दोन शब्द बोलतो. तुमचं काउंटर कुठं जात न्हाई."

"नको, आण्णा. तुम्ही बोललात तर ते हो म्हणतील. सगळेच हो म्हणतात. म्हणून तर..." मी थांबले. साहेबांचा फोन मी तोवर कट केला होता. तेच काउंटर पुढं महिन्याच्या आत नंदूकडं गेलं, आणि आम्ही कव्हरं आणि चार्जर विकून दिवस काढले. पण त्या वेळी काउंटर माझ्या डोक्यात नव्हतं. तोंडातून अर्धं वाक्य निघून गेलं होतं आणि आण्णा ते पुरं व्हायची वाट बघत होते.

"बोला. म्हणून तर काय?"

उभी होते ती भिंतीला टेकून.

"म्हणून तर पोरगी हा फोन घेऊन निघाली होती."

आण्णा उठले. मी डोळे मिटले. दार लागल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर आण्णा बाहेरच्या ड्रायव्हरांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेत होते. परत येऊन ते त्या बॅगेवरच बसले. फोन त्यांच्या हातात होता आणि पडद्यावर ती ओळ तशीच होती.

"नंदूला मी इचारलं होतं," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेलेला की मला पुढं वाकावं लागलं. "चालतंय न्हवं, म्हणलं. म्हणाला, चालतंय."

मी मान हलवली.

"एजंटलाबी मीच इचारलं. कॉलेज चांगलं हाय न्हवं? म्हणाला, एक नंबर, आण्णा. ऱ्हायची खोली? म्हणाला, झकास. तिकडं आपली मान्सं हायत का? म्हणाला, लई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढी वर्षं मी त्या माणसाचे डोळे पाहत होते, पण असे कधी पाहिले नव्हते. "वैनी, ह्यातलं किती खरं आसंल?"

"मला नाही माहीत, आण्णा. मला फोनचं तेवढं माहीत आहे."

बाहेर कुत्रा एकदा भुंकला आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मग आण्णा लेकीकडं वळले. ती अजून तो स्वेटर धरून होती. तिच्या जाण्याचे पेढे वाटून झाले होते. मंडळानं तिचा फोटो लावून चौकात बोर्ड उभा केला होता. इंग्लंडला शिकायला जाणारी विट्यातली ती पहिली मुलगी होणार होती, हे आण्णा येईल त्याला सांगत होते. तिनं स्वतः कुणाला काही सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"तेजू," आण्णा म्हणाले. "तुला जायाचंय का?"

तिनं बापाकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. मी काय केलं असेल, बहुतेक काहीच नाही, मीच भीतीनं गारठले होते.

"नाही," ती म्हणाली.

आण्णा उठले नाहीत. फोन त्यांच्या हातातून खाली चटणीच्या पुड्यांवर पडला, तो त्यांनी उचललाही नाही.

"पुन्ना सांग," ते म्हणाले.

पहिल्यांदा मला ती धमकीच वाटली. मग मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तो माणूस लेकीपुढं अक्षरशः विनवणी करत होता.

"मला नाही जायचं, आण्णा," तेजस्विनी म्हणाली. "कधीच नव्हतं जायचं."